पाठ असलेला किस्सा पुन्हा पुन्हा का हसवतो?

प्रश्न असा आहे : एखादा विनोदी किस्सा घरात किंवा मंडळात वर्षानुवर्षं तोच माणूस सांगतो आणि ऐकणारेही तेच असतात. शेवट सगळ्यांना पाठ. तरी दर वेळी ‘तो किस्सा होऊन जाऊ दे’ अशी फर्माईश होते आणि माणसं पोट धरून हसतात. उलट कालच कळलेला विनोद आज दुसऱ्यांदा ऐकवला, तर समोरचा ‘हो, ऐकलाय’ म्हणून मोकळा होतो. असं का? आणि असा जुना किस्सा आपल्याला सांगायचा असेल तर काय सांभाळायचं?

मी कथाकथन करते आणि शिकवतेही. यातला दुसरा प्रश्न पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय सुटत नाही असा माझा अनुभव आहे, म्हणून आधी ‘का’ ते पाहू. किस्सा पहिल्यांदा ऐकताना सर्वांत मोठा हशा शेवटाला येतो. तोच किस्सा पुन्हा ऐकताना हा हशा अलीकडे सरकायला लागतो, आणि सरकत सरकत किस्स्यातल्या माणसाच्या स्वभावावर येऊन थांबतो. ज्या विनोदात असं अलीकडे सरकायला माणूसच नसतो, नुसती शब्दांची कोटी किंवा शेवटची कलाटणी असते, तो एकदा वाजला की संपतो.

हे उदाहरणाशिवाय पटायचं नाही. भांडं व्यायल्याची गोष्ट बहुतेकांच्या कानावर असेल. मध्यपूर्वेत ती मुल्ला नसरुद्दीनच्या नावावर सांगतात. आपल्याकडे सांगणारा ती बिनदिक्कत आपल्याच गावच्या एखाद्या इरसाल म्हाताऱ्याच्या नावावर खपवतो. लोककथांची जी आंतरराष्ट्रीय सूची आर्ने, थॉम्पसन आणि उथर या अभ्यासकांच्या नावाने ओळखली जाते, तीत या गोष्टीला १५९२ब असा स्वतःचा क्रमांक आहे, इतकी ती ठिकठिकाणी सापडते. मी ती अशी सांगते :

गणूअण्णा शेजारच्या दामूशेठकडे गेले. “शेठ, घरी पाहुणे यायचेत. तुमचं मोठं पातेलं देता का दोन दिवस?” शेठनी दिलं. पण देताना तळ ठोकून दाखवला, काठावरून बोट फिरवून दाखवलं, आणि ‘कुठे पोचा नाही’ हे अण्णांकडून दोनदा वदवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी अण्णा पातेलं घेऊन हजर. शेठनी आत डोकावून पाहिलं, तर आत एक छोटी पातेली. “हे काय हो?” “अभिनंदन, शेठ. काल पहाटे तुमचं पातेलं व्यालं.”

शेठ बघत राहिले. एकदा अण्णांकडे. एकदा पातेल्याकडे. मग पातेलीकडे. मग ती पातेली उचलून उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, “तरीच. देताना मला जरा जड वाटलंच होतं.”

पंधरा दिवस गेले. अण्णा पुन्हा दारात. या वेळी मागायच्या आत शेठनी दोन मोठी पातेली काढून ठेवली होती. “सांभाळून न्या हो. दिवस भरत आलेत.”

आठवडा झाला, महिना झाला. शेवटी शेठच अण्णांच्या दारात. “अण्णा, पातेली?” अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. “काय सांगू, शेठ. गेली हो दोन्ही… बाळंतपणात.” “थट्टा करता का? पातेलं कधी मरतं का?” “शेठ, व्यालं तेव्हा बारशाला तयार होतात. आता सुतक का नको?”

ही गोष्ट नव्या श्रोत्यांना सांगितली की हसण्याच्या जागा ठरलेल्या. ‘व्यालं’ला खसखस पिकते आणि ‘सुतका’ला मोठा हशा येतो. शिबिरात मी हीच गोष्ट दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना पुन्हा सांगते आणि त्यांना एकमेकांकडे लक्ष ठेवायला सांगते. दुसऱ्या दिवशी सर्वांत मोठं हसू ‘शेठ बघत राहिले’ या वाक्याला येतं. शेठ अजून काही बोललेले नसतात, पण मुलांना ठाऊक असतं की हा माणूस आता ती पातेली घेणार. आणखी एकदोनदा सांगितली की हसू त्याहून मागे जातं. ‘तळ ठोकून दाखवला’ म्हटलं की कोपऱ्यातून एक खुदखुद ऐकू येते. पहिल्या खेपेला ते वाक्य कुणाच्या लक्षातही राहिलेलं नव्हतं.

पहिल्यांदा ऐकताना श्रोता शेठच्याच बाजूला उभा असतो. शेठला कळत नाही तसं त्यालाही कळत नाही. दुसऱ्या खेपेपासून तो पलीकडे जाऊन अण्णांच्या शेजारी उभा राहतो. त्याला पुढचं सगळं ठाऊक आहे आणि शेठला काहीच ठाऊक नाही. पोचा आलाय का हे बोटाने तपासणारा इतका व्यवहारी माणूस, हावेपोटी पातेलं व्यालं हे मान्य करायला आनंदाने निघालेला, हे दृश्य जागेपणी बघण्यात जी गंमत आहे ती पहिल्या वेळी मिळणं शक्यच नसतं. नवलाई एकदाच मिळते हे खरं. पण नवलाई गेल्यावर जी वाट पाहणं सुरू होतं, ते प्रत्येक वेळी नव्याने सुरू होतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात हास्यरस कशाकशातून निर्माण होतो याची यादी दिली आहे. विचित्र वेष, धार्ष्ट्य, लौल्य, असंबद्ध बडबड, व्यंगदर्शन वगैरे. धार्ष्ट्य म्हणजे निगरगट्टपणा आणि लौल्य म्हणजे हाव. आपल्या गोष्टीत अण्णा हे पहिल्याचं आणि शेठ दुसऱ्याचं चालतंबोलतं रूप आहेत. टिकून राहिलेले किस्से मी या नजरेने तपासते तेव्हा बहुतेकांच्या तळाशी असाच एखादा स्वभाव निघतो : हाव, बढाई, भित्रेपणा, चिकटपणा, मोठेपणा मिरवण्याची हौस. माणसाचे हे स्वभाव जुने होत नाहीत, म्हणून किस्साही होत नाही.

आपल्या परंपरेला तर ठाऊक असलेली गोष्ट ऐकायची सवयच आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान लागतं. सुदामा द्वारकेला पोचणार की नाही, हे न कळल्यामुळे कीर्तनाला कुणी बसलेलं नसतं. आजचे बुवा पोह्यांची पुरचुंडी कशी सोडवतात, सुदाम्याचा संकोच कसा उभा करतात, हे ऐकायला माणसं बसतात. तमाशात गण झाला की गवळण, आणि गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवणारच. मावशी कंबरेवर हात ठेवून पुढे येणारच. प्रसंग तोच, पण मावशी आज कुणाला कशी फटकारते यावर तंबू हलतो. जुनं ठाऊक असणं ही तिथे ऐकणाऱ्याची पात्रता मानली जाते.

या मातीतूनच आपलं मराठी कथाकथन वर आलं. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव फिरून कथा सांगितल्या आणि छापील कथेला पुन्हा आवाज दिला. श्रोत्यांतल्या अनेकांनी त्या कथा आधीच वाचलेल्या असत. तरी सभागृहं भरत, आणि कार्यक्रम संपल्यावर चिठ्ठ्या येत त्या बहुधा ‘अमुक कथा सांगा’ अशा, म्हणजे ऐकलेल्याच कथेच्या. पुढे हे तिघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले : माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला, पाटील १९८५ साली नांदेडला, मिरासदार १९९८ साली परळीला. तोंडी गोष्ट सांगणं हा साहित्याचा दुय्यम प्रकार आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते, कारण ते मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

शेवट ठाऊक असल्याने मजा जात नाही, यावर प्रयोगही झाला आहे. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १२ लघुकथा वाचकांना दिल्या. काहींना शेवट आधीच सांगून टाकला, काहींना नाही. शेवट आधी कळलेल्यांनी कथांना सरासरी जास्त गुण दिले, त्यातही अखेरीस कलाटणी घेणाऱ्या कथा होत्या. तो प्रयोग वाचनाचा होता आणि विनोदी किस्सा ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यामुळे मी त्याचा फार विस्तार करत नाही. पण ‘शेवट फुटला की गेलं’ ही समजूत तेवढी पक्की नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मला त्याहून कामाचं वाटतं ते रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाचं निरीक्षण. त्याने माणसं प्रत्यक्षात केव्हा हसतात याच्या नोंदी ठेवल्या. एकट्याने असताना हसण्यापेक्षा चार माणसांत हसण्याचं प्रमाण सुमारे ३० पट निघालं. शिवाय रोजच्या बोलण्यातलं बहुतेक हसू विनोदाला येतच नाही, ‘बरं, निघतो मग’ असल्या साध्या वाक्यांनाही येतं. म्हणजे हसणं हे आधी सोबतीचं काम आहे. आता घरातला ठरलेला किस्सा आठवा. मामा सांगायला लागतात तेव्हा मावशी आधीच हसायला लागलेली असते, तिला बघून मुलं हसतात, आणि नवी सून पहिल्यांदाच ऐकत असते म्हणून सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागलेले असतात. ‘आता हिला कळणार’ याची वाट सगळे मिळून बघत असतात. एका नवख्या श्रोत्यामुळे वीस जुन्या श्रोत्यांना तो किस्सा पुन्हा ताजा होतो. म्हणून मी नेहमी सांगते, जुना किस्सा सांगायचा तर बैठकीत एखादा तरी न ऐकलेला माणूस असू द्या, आणि त्याला मध्यभागी बसवा.

पु. ल. देशपांडे यांची ध्वनिमुद्रणं ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांनीही हे अनुभवलं असेल. त्या ध्वनिफितींत त्या वेळच्या सभागृहाचा हशा आहे. गाडीत एकटे ऐकत असलो तरी आपण त्या माणसांच्या बरोबरीने हसतो. हशा कुठे येणार हे आपल्याला ठाऊक असतं आणि तो तिथे आला की बरं वाटतं. तोच मजकूर हशा काढून टाकून नुसता ऐकवला, तर पाठ असलेल्या माणसालाही काहीतरी हरवल्यासारखं वाटेल.

आता सांगण्याकडे वळू.

सगळा किस्सा पाठ करू नका, आणि सगळा मोकळाही सोडू नका. प्रत्येक किस्स्यात तीनचार वाक्यं अशी असतात की त्यांतला शब्दही हलवायचा नसतो. भांड्याच्या गोष्टीत ‘काल पहाटे तुमचं पातेलं व्यालं’, ‘तरीच, देताना मला जरा जड वाटलंच होतं’, ‘दिवस भरत आलेत’ आणि शेवटचं बारसं-सुतकाचं, ही ती वाक्यं. बाकी सगळं त्या दिवशी जसं सुचेल तसं. अण्णांकडे पाहुणे कोण आले, पातेलं किती मोठं, हे बदलत राहिलं तर जुना श्रोताही कान टवकारून ऐकतो. पण ठरलेलं वाक्य मात्र ठरल्याप्रमाणे यायलाच हवं. लहान मुलांना ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ सांगताना एक ‘टुणुक’ गाळून बघा, लगेच दुरुस्ती येते. मोठी माणसं तोंडाने दुरुस्त करत नाहीत इतकंच, मनातून तीही खट्टू होतात.

ठरलेल्या वाक्यात हसवणारा शब्द शेवटी हवा. लिहिताना आपण ‘दोन्ही पातेली बाळंतपणात गेली’ असं लिहू, क्रियापद शेवटी. तोंडी हेच वाक्य पडतं, कारण ‘बाळंतपणात’ला हसू फुटतं आणि ‘गेली’ त्यात बुडून जातं. सांगणारा अर्धवट राहिल्यासारखा दिसतो. म्हणून ‘गेली हो दोन्ही’, इथे आवाज खरोखर दुःखाचा, मग क्षणभर थांबून ‘बाळंतपणात’, आणि तोंड बंद. मराठी बोलीत शब्द असे मागेपुढे करायची भरपूर मुभा आहे, आणि आपण रोज भांडताना, कुरकुर करताना ती वापरतोच. व्यासपीठावर गेल्यावर मात्र माणसं छापील मराठी बोलायला लागतात. प्रोव्हाइनच्या नोंदींत आणखी एक गोष्ट होती, की बोलण्यातलं हसू जवळपास नेहमी वाक्य संपल्याच्या जागी येतं, मध्ये नाही. हसणाऱ्याला हसायला जागा हवी असते, आणि ती वाक्याच्या शेवटीच करून द्यावी लागते.

थांबण्याबद्दल खूप बोललं जातं आणि चुकीचं शिकवलं जातं. ‘तीन आकडे मोजा’ हा सल्ला मी कुणालाही देत नाही. थांबलेल्या वेळात तुमच्या मनात आकडे चालू असतील तर ते चेहऱ्यावर दिसतात. ‘शेठ बघत राहिले’ म्हटल्यावर मी खरंच बघते. डावीकडे अण्णा आहेत असं धरून तिकडे, मग खाली हातातल्या पातेल्यात, मग त्याच्या आत. शेठच्या डोक्यात त्या वेळी हिशेब चाललाय, तो मीही करते : खोटं आहे हे मला कळतंय, पण पातेली तांब्याची दिसतेय. हा हिशेब खरा चालू असेल तर थांबणं कितीही लांबलं तरी रिकामं वाटत नाही. पहिली खुदखुद कानावर आली की पुढे जायचं.

हशा आल्यावर कधी बोलायचं हेही शिकावं लागतं. हशा पूर्ण विरला की सभागृह थंड पडतं आणि पुन्हा पेटवायला लागतं. तो टिपेला असताना बोललात तर शब्द वाया जातात. उतरू लागला की बोलायला सुरुवात करायची. आणि एक अगदी कामाची गोष्ट : हशानंतरचं पहिलं वाक्य ऐकू गेलं नाही तरी बिघडू नये, असंच ठेवायचं. ‘पंधरा दिवस गेले’ हे वाक्य त्यासाठीच आहे. त्याच्या जागी मी ‘दोन मोठी पातेली’ हा तपशील घातला, तर अर्ध्या लोकांच्या कानावर तो पडणारच नाही, आणि पुढे ‘दोन्ही’ म्हटल्यावर ते चाचपडत बसतील.

आवाज बदलण्याचा सोस नव्या मुलांना फार असतो. बाईचा आवाज चिरका, म्हाताऱ्याचा थरथरता, गावच्या माणसाचा खर्जातला. यातून एकदाच टाळी मिळते. दोन माणसांतला फरक नजरेच्या दिशेने आणि बोलण्याच्या वेगाने दाखवला तर पुरतो. शेठ सावकाश बोलतात कारण प्रत्येक शब्दाला पैसे पडल्यासारखे मोजून बोलतात, अण्णा सरळ आणि निवांत. डॅनिश अभ्यासक आक्सेल ओल्रिक यांनी १९०९ साली लोककथांच्या रचनेचे काही नियम मांडले, त्यांतला एक असा की एका वेळी प्रसंगात दोनच माणसं बोलतात. कितीतरी पिढ्यांच्या तोंडातून गेलेल्या गोष्टींनी हे आपोआप करून घेतलेलं आहे, कारण सांगणाऱ्याला तोंड एकच. तुमच्या घरच्या किस्स्यात पाच माणसं एकाच वेळी बोलत असतील तर तिघांना गप्प बसवा. प्रसंग खरा कसा घडला याची साक्ष तुम्ही देत नाही आहात, त्यामुळे याचा संकोच नको.

चेहरा गंभीर ठेवा. नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार केलेत : स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. सांगताना पहिला पूर्ण बाजूला ठेवायचा. अण्णांना पातेल्यांच्या मृत्यूचं दुःख झालेलं आहे, आणि ते सांगताना तुम्हाला हसू आलं तर ते दुःख खोटं पडतं. किस्स्यातली कोणतीही व्यक्ती स्वतःला विनोदी समजत नसते. प्रत्येकाचं काम त्याच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचं असतं. याउलट घरच्या बैठकीत सांगणाऱ्यालाच हसू आवरेना आणि सगळे त्यामुळेच हसले, असंही होतं. ते घरात चालतं, कारण तिथे लोक सांगणाऱ्यावर माया करत असतात. अनोळखी लोकांसमोर चालत नाही.

सुरुवातीला ‘हा किस्सा फार मजेशीर आहे बरं का’ म्हणू नका, आणि ‘तुम्ही ऐकला असेलच’ अशी माफीही मागू नका. सरळ ‘गणूअण्णा शेजारी गेले’ इथून सुरू करा. कार्यक्रमात ओळखीचा किस्सा मी पहिल्या अर्ध्या तासात कधीच घेत नाही. आधी माणसांनी माझ्या आवाजाशी जुळवून घ्यावं लागतं. मग जुनी गोष्ट लागली की ती त्यांना भेटल्यासारखी वाटते.

सगळेच जुने किस्से जपण्याच्या लायकीचे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. नाट्यशास्त्राच्या त्या यादीत व्यंगदर्शनही आहे. बोबडं बोलणारा, तोतरा, लंगडा, काळ्या रंगाची नवरी, दुसऱ्या जातीच्या माणसाची बोली, यांवर उभे असलेले ढीगभर किस्से एकेकाळी बिनघोर सांगितले जात. मी ते सांगत नाही आणि शिकवत नाही. त्यामागे एक साधं कारण कलेचंही आहे : त्यात हसणं माणसाच्या वागण्यावर नसतं, त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीवर असतं. शेठला पातेली नाकारता आली असती, तोतऱ्याला तोतरेपण नाकारता येत नाही. जिथे निवड नाही तिथे वाट पाहण्यासारखंही काही नाही, म्हणून तो किस्सा दुसऱ्या खेपेला नुसता क्रूर उरतो. बायकोवरचे घाऊक विनोदही याच रांगेतले. त्यात बायको ही व्यक्ती नसतेच, नुसता शिक्का असतो.

काही किस्से मात्र चांगले असूनही अडचणीत येतात, कारण त्यांतली वस्तूच जगातून गेलेली असते. तारेवरचे किस्से घ्या. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ज्या किस्स्याची सगळी गंमत ‘तार आली’ या दोन शब्दांनी घरभर उडालेल्या धांदलीत आहे, तो विशीतल्या मुलांपुढे सांगताना सभागृहाचे दोन तुकडे पडतात. इथे बरेच जण गोष्ट थांबवून ‘त्या काळी तार म्हणजे काय, तर…’ असं समजावायला लागतात आणि रंग जातो. माहिती गोष्टीतल्या माणसांकडूनच येऊ द्यावी. ‘तारवाल्याची सायकल गल्लीत शिरली की आत्या आधी डोळ्याला पदर लावायची, आणि तार कुणाची ते मग विचारायची.’ एवढ्या एका वाक्यात तार म्हणजे बहुधा वाईट बातमी हे कळतं, आत्याही कळते, आणि हसूही येतं. असं एक वाक्य शोधायला कधी कधी महिनाभर लागतो, पण त्यावर वेळ घालवणं योग्यच आहे.

श्रोत्यांतून कुणी शेवटचं वाक्य आधीच बोलून टाकलं तर काय, हे मला हमखास विचारलं जातं. घाबरू नका, तो उत्साही माणूस तुमचाच आहे. त्याला रागाने गप्प केलंत तर सगळी बैठक ताठरते. मी त्याच्याकडे बघून थांबते, शेठ बघतात तशीच, आणि मग तेच वाक्य पुन्हा माझ्या चालीत म्हणते. हशा दोनदा येतो. किस्सा फारच ओळखीचा असेल तर शेवटचं वाक्य मीच सोडून देते. ‘शेठ, व्यालं तेव्हा बारशाला तयार होतात. आता…’ एवढं म्हणून हात पुढे करायचा. सभागृह एका सुरात ‘सुतक का नको’ म्हणतं.

राहिला घरचा किस्सा. सांगणारे आजोबा किंवा काका आता नाहीत, आणि त्यांचा किस्सा तुमच्याकडून मागितला जातोय. बहुतेक जण त्यांच्या आवाजाची नक्कल करतात. ती थोडा वेळ गोड वाटते, पण मग लोक किस्सा सोडून नकलेची तुलना करत बसतात आणि कुणीतरी हळवं होतं. आवाज तुमचाच ठेवा. त्यांची ठरलेली वाक्यं मात्र एका शब्दाचाही फरक न करता घ्या, अगदी त्यांत जुना किंवा घरापुरताच शब्द असला तरी. ती नक्की कोणती हे ठरवायला घरातल्या तीनचार जणांना वेगवेगळं बसवून तो किस्सा सांगायला लावा. सगळ्यांच्या सांगण्यात जी वाक्यं जशीच्या तशी येतील, ती ठरलेली. बाकीचं प्रत्येकाने आपलं घातलेलं असतं, तसं तुम्हीही आपलं घाला.

सांगणारे हयात असतील तर आताच ध्वनिमुद्रण करून घ्या, फोनवर झालं तरी पुरे. फक्त त्यांना एकट्याने खोलीत बसवून, समोर फोन ठेवून ‘सांगा’ म्हणू नका. तसं सांगितलं की तो किस्सा पाच मिनिटांचा दीड मिनिटात उरकतो आणि सगळ्या जागा निघून जातात. जेवणानंतर सगळे बसलेले असताना, फर्माईश झाल्यावर, फोन बाजूला चालू ठेवून घ्या. मध्ये भांड्यांचे आवाज येतील, कुणीतरी आधीच हसेल, एखादं पोर ‘पुढे काय झालं’ म्हणून ओरडेल. ते काहीही कापू नका.